खपवून न घेण्याचे क्रियापद

'सहन करणे' या अर्थाचे 'ब्रूक' हे इंग्रजी क्रियापद आता बोलण्यात क्वचितच ऐकू येते. निकालपत्रे, सरकारी पत्रव्यवहार आणि अग्रलेख अशा भारदस्त लेखनात ते टिकून आहे, आणि तिथेही बहुधा नकाराच्या सोबतीनेच. 'ब्रूक नो डिले' म्हणजे विलंब खपवून न घेणे, 'ब्रूक नो इंटरफिअरन्स' म्हणजे कुणाचीही ढवळाढवळ चालू न देणे. ओढा या अर्थाच्या 'ब्रूक' या नामाशी त्याचे काही नाते नाही.

जुन्या इंग्रजीत, म्हणजे साधारण 1150 पूर्वीच्या भाषेत, या क्रियापदाचे रूप 'ब्रूकान' असे होते आणि त्याचा अर्थ होता वापरणे, उपभोग घेणे. 'बेओवुल्फ' या महाकाव्यात राणी वीराला कंठभूषण देते, तेव्हा ते त्याने सुखाने मिरवावे ही सदिच्छा ती याच क्रियापदाने व्यक्त करते. गरज असणे या अर्थाचे जर्मन 'ब्राउखेन' आणि उपभोगणे या अर्थाचे लॅटिन 'फ्रुई' ही त्याची भावंडे असून, इंग्रजी 'फ्रूट'ही याच लॅटिन शाखेतून आलेले आहे. उपभोगाचा शब्द सोसण्याकडे वळला तो पोटाच्या वाटेने: खाल्लेले अन्न पोटात ठरणे, पचणे असा अर्थ त्याला मधल्या काळात मिळाला, आणि जे पचते तेच सोसते या न्यायाने सोळाव्या शतकात आजचा अर्थ रूढ झाला. अपमान पचवणारी आणि न पटलेली गोष्ट पचनी न पडणारी मराठी याच वाटेने गेली आहे.

शेक्सपिअरच्या काळी नकाराची सक्ती नव्हती. 'रिचर्ड दुसरा' या नाटकात समुद्रप्रवासाने शिणलेल्या राजाला इथली हवा कशी मानवते, असे याच क्रियापदाने विचारले जाते. 'ज्युलियस सीझर'मधला कॅशियस म्हणतो की पूर्वी होऊन गेलेल्या एका ब्रूटसने रोममध्ये राजाइतकेच सहज सैतानालाही सोसले असते, म्हणजे राजा त्याला तितकाच असह्य होता.

आजच्या वापरातली खरी खूण मात्र अधिकाराची आहे. ज्याच्या हाती रोखण्याची सत्ता आहे, त्याच्याच तोंडी हे क्रियापद शोभते. अन्यथा कर्ता म्हणून ते प्रकरणच येते, जे आता विलंब सोसू शकत नाही. त्याला कर्म लागतेच, आणि ते बहुधा विरोध, नकार, दिरंगाई असे भाववाचक असते. दातदुखी किंवा कडाक्याची थंडी यांच्यासाठी इंग्रजीत 'बेअर' किंवा 'एन्ड्युअर' ही क्रियापदे वापरतात.