घरात मुरलेला धुराचा वास कसा घालवावा?



आपल्या चंद्रपूर-गडचिरोली भागात सरपण जंगलातून मिळते. त्यामुळे २०१६ पासून उज्ज्वला योजनेचा गॅस गावोगाव आला, तरी बऱ्याच घरी चूल पेटतेच. जुन्या कुडाच्या घरात कवेलूंच्या फटींतून धूर निघून जाई. आता घरावर स्लॅब किंवा टिनपत्रा आला, धुराला वाट राहिली नाही. मग भिंती, गोधड्या, तांदूळ, सगळ्यालाच वास लागतो.

हा वास नुसता हवेत नसतो, तो काजळीत असतो. ओले लाकूड नीट जळत नाही. त्याच्या धुरातला डांबरासारखा चिकट अंश भिंतीवर नि छतावर बसतो. पावसाळ्यात ओल आली की वास पुन्हा उठतो. उदबत्तीने तो जात नाही, उलट धुरात भर पडते. म्हणून उन्हाळ्यातच पुढील क्रमाने काम करावे.

१. दारे-खिडक्या उघडून सामान बाहेर काढावे. गोधड्या व कपडे धुऊन कडक उन्हात वाळवावे.

२. नाका-तोंडाला फडके बांधून छत व भिंती कोरड्या झाडूने वरून खाली झाडाव्या. आधी पाणी मारू नये, काजळी पसरते.

३. सिमेंटची भिंत असल्यास अर्धी बादली गरम पाण्यात दोन मुठी धुण्याचा सोडा घालून फडक्याने पुसावी, मग साध्या पाण्याने पुसून वाळू द्यावी. सोड्याने हात सोलतात, म्हणून हातमोजे किंवा प्लॅस्टिकची पिशवी घालावी.

४. मातीची भिंत धुऊ नये. काळा थर खरवडून नवे लिंपण करावे.

५. भिंत पूर्ण वाळल्यावर चुन्याचे दोन हात द्यावे. काजळी न काढता चुना दिला तर पिवळे डाग वर येतात. चुना विरवताना पाणी उकळते, लेकरांना दूर ठेवावे.

६. तांदूळ वास लवकर धरतो. त्याची पोती चुलीच्या खोलीत ठेवू नये, झाकणाच्या कोठीत ठेवावी.

एवढे करूनही धूर कोंडत राहिला तर वर्षभरात घर पुन्हा काळे होईल. म्हणून सरपण फोडून, वाळवून, पावसाआधी आडोशाला रचावे. चुलीला धुराडे बसवून ते छपराच्या वर दोन फूट न्यावे व महिन्यातून एकदा आतून साफ करावे. धुराडे जमत नसेल, तर भिंतीत छताजवळ समोरासमोर दोन झरोके ठेवावे.

थंडीत दारे लावून निखाऱ्याची शेगडी खोलीत ठेवून झोपू नये. निखाऱ्यातून निघणाऱ्या विषारी वायूला वास नसतो नि तो झोपेतच जीव घेतो.

जो धूर भिंत काळी करतो, तोच चुलीपाशी बसणारी बाई आणि तिच्या मांडीवरचे लेकरू रोज छातीत घेतात. खोकला दोन आठवड्यांहून अधिक टिकला तर आरोग्य उपकेंद्रात दाखवा. धुराड्याचा खर्च दवाखान्यापेक्षा कमीच पडतो.