वातरक्त : पथ्याची यादी पुन्हा तपासू या

औंढा नागनाथ तालुक्यातील सिद्धेश्वर येथे पूर्णा नदीवर धरण आहे. जलाशयातील मासळी, कालव्याखालील ऊस आणि कोरडवाहू रानातील तूर, मूग, हरभरा हे या परिसराचे परिचित अन्न व उत्पन्न होय. वातरक्ताच्या पथ्यापथ्याचा विचार करताना या तीन गोष्टींपासूनच प्रारंभ करणे इष्ट ठरेल. चरकाचार्यांनी त्यांपैकी पहिल्या दोहोंचा समावेश व्याधिहेतूंत आणि तिसरीचा पथ्यात केला आहे. आपल्या पथ्याच्या कागदावर मात्र बहुधा तिसरीलाच बंदी असते.

पुढील रुग्ण आपणा सर्वांच्या परिचयाचा आहे. चाळिशी ओलांडलेला पुरुष. पायाच्या अंगठ्याच्या मुळाशी रात्रीतून उद्भवलेली असह्य वेदना. सांधा लाल, उष्ण व सुजलेला. पांघरुणाचा स्पर्शही सोसवत नाही. युरिक अ‍ॅसिड वाढलेले आढळते आणि सल्ला मिळतो : 'डाळ बंद, पालक बंद, टोमॅटो बंद.' ज्या घरात वरण हाच प्रथिनांचा मुख्य आधार, तेथे भाकरीसोबत तिखट-मीठ उरते. मद्याविषयी कोणी विचारलेले नसते. रुग्णही आपणहून सांगत नाही. वेदना उठली की दुकानातून वेदनाशामक गोळी येते. वातरक्तास 'आढ्यवात' म्हणजे संपन्नांचा व्याधी असे पर्यायनाम आहे. परंतु आज तो शेतमजुराच्या पायातही दिसतो आणि या अर्धवट पथ्याची झळ त्यालाच अधिक बसते.

चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील २९ वा अध्याय या दृष्टीने पुन्हा वाचावा. तेथे हेतूंमध्ये लवण, अम्ल, कटू व क्षार यांचा अतिरेक, जलचर व आनूप प्राण्यांचे मांस, मुळा, कुळीथ (आपल्याकडील हुलगे), उडीद, ऊस, दही, सुरा, आसव, विरुद्धाशन, दिवास्वाप व जागरण सांगितले आहेत. त्याच अध्यायात तूर, हरभरा, मूग, मसूर व मटकी यांचे तूपयुक्त यूष प्रशस्त मानले असून गाई-म्हशींचे दूधही हितकर सांगितले आहे. म्हणजे शास्त्राने डाळींत निवड केली आहे, सरसकट बंदी घातलेली नाही.

आधुनिक निरीक्षणही याच दिशेने जाते. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका अभ्यासात ४७,१५० पुरुषांचे बारा वर्षे निरीक्षण करण्यात आले. मांस व सागरी अन्न अधिक घेणाऱ्यांत गाऊटचा धोका वाढलेला आढळला, दुग्धजन्य पदार्थ घेणाऱ्यांत तो कमी होता. प्युरीनयुक्त वनस्पतिज अन्नाचा मात्र धोक्याशी संबंध आढळला नाही. बिअर व देशी-विदेशी मद्य, तसेच साखरयुक्त शीतपेयांतील फ्रुक्टोज यांमुळे युरिक अ‍ॅसिड वाढते, हेही आता सुस्थापित आहे. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात रानात राबणाऱ्यास पुरेसे पाणी पिण्यास सांगणे, हाही पथ्याचाच भाग होय.

तथापि पथ्याची मर्यादाही ओळखावी. केवळ आहाराने युरिक अ‍ॅसिड थोडेच उतरते. वारंवार वेग येणे, गाठी बनणे किंवा वृक्कविकार असणे या अवस्थांत औषध अपरिहार्य ठरते. गुडूची, कैशोर गुग्गुळ, विरेचन, बस्ती व रक्तमोक्षण यांची योजना उत्तान-गंभीर भेद, दोष व बल पाहून करावी. रुग्ण अ‍ॅलोप्युरिनॉल घेत असेल, तर 'आता आयुर्वेद सुरू केला' म्हणून ते परस्पर थांबवू नये. युरिक अ‍ॅसिड ६ मिलिग्रॅम प्रति डेसिलीटरच्या खाली सातत्याने राहिले, तरच सांध्यांतील स्फटिक हळूहळू विरघळतात. मात्र त्या औषधाने अंगावर पुरळ उठल्यास ते तत्काळ बंद करून रुग्णास रुग्णालयात पाठवावे. वेगाच्या काळात युरिक अ‍ॅसिड प्राकृतही आढळू शकते. त्यावरून निदान नाकारू नये. ज्वरासह एकच सांधा तप्त असल्यास जंतुसंसर्गाची शंका प्रथम घ्यावी.

औषधालयचालकांची जबाबदारीही येथे मोठी आहे. वृक्कविकार, उच्च रक्तदाब वा जठरव्रण असलेल्यास वेदनाशामक गोळ्या विना सल्ला देणे घातक ठरू शकते. घटकद्रव्ये न छापलेली 'सांधेदुखीची पुडी' एका दिवसात चमत्कार दाखवीत असेल, तर तीत स्टेरॉइड मिसळलेले असण्याची शंका घ्यावी व ती दुकानात ठेवू नये. हेतूंमध्ये प्रत्यक्ष आसवाचा उल्लेख असताना गूळ-साखरयुक्त आसवारिष्टे या रुग्णास सवयीने देण्यापूर्वीही विचार करावा. क्वाथ किंवा वटी उपलब्ध असतेच.

वेदना शमली म्हणजे व्याधी शमला, असे रुग्णास वाटते. पुढचा वेग येईपर्यंत तो पुन्हा येतही नाही. त्या मधल्या काळात त्याला बोलावणे, युरिक अ‍ॅसिड व क्रिएटिनिन तपासणे, मद्याविषयी अपमान न करता विचारणे, हीच खरी चिकित्सा. पुढचा पथ्याचा कागद लिहिताना प्रथम मद्य, मासळी व गोड पेये यांची नोंद करावी, आणि मुगाच्या किंवा तुरीच्या वरणाची वाटी त्याच्या ताटात परत ठेवावी.