बेस गिटारच्या पोटातील वीज

तंबोऱ्याला भोपळा असतो. तार छेडली की भोपळा आणि त्यावरची तबली कंप पावतात व सूर खोलीभर पसरतो. विजेवर चालणाऱ्या बेस गिटारचे अंग मात्र बहुधा भरीव लाकडाचे असते. नुसती वाजवली तर ती जेमतेम शेजाऱ्याला ऐकू येईल. मग वाद्यवृंदात छातीत घुमणारा तिचा खर्ज येतो कोठून?

तारांखाली एक चपटी डबी दिसते, तिला पिकअप म्हणतात. तिच्यात लोहचुंबक असतात आणि त्यांच्याभोवती केसाहूनही बारीक अशा तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वेटोळ्यात चुंबक आतबाहेर केला की गॅल्व्हानोमीटरचा काटा हलतो, हा मायकेल फॅरडे यांचा १८३१ सालचा प्रयोग तुम्ही शाळेत पाहिला असेल. येथे गंमत अशी, की चुंबकही स्थिर आणि वेटोळेही स्थिर! हलते ती फक्त वाद्याची तार. ती पोलादी असल्याने चुंबकाजवळ स्वतःच चुंबकित होते. ती थरथरली की वेटोळ्यातील चुंबकीय क्षेत्र कमीजास्त होते आणि वीज निर्माण होते. चार तारांच्या बेसची सर्वांत जाड तार सेकंदाला सुमारे ४१ वेळा कंप पावते. नायलॉनची तार लावाल तर हा पिकअप मुकाच राहील.

वेटोळ्याला वाद्याची तार आणि घरातील विजेची तार यांतला फरक कळत नाही. त्यामुळे आपल्याकडील ५० हर्ट्झच्या विजेची घरघरही ते पकडते. लिओ फेंडर यांच्या १९५१ सालच्या ‘प्रिसिजन’ बेसमध्ये एकच वेटोळे होते. १९५७ साली त्याचे दोन भाग झाले, प्रत्येकाकडे दोन तारा. दोन्ही भागांत वेढ्यांची दिशा उलट, चुंबकांचे ध्रुवही उलट. बाहेरची घरघर दोन्हींत सारखीच येते, पण उलट जोडणीमुळे एकमेकींना खोडते. तारेचा सूर मात्र शाबूत राहतो.

पिकअपची जागाही महत्त्वाची. तार एकाच सुरात कंप पावत नाही. मूळ सुराबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंप्रतेचे उपस्वरही असतात. घोडीपासून तारेच्या पाव लांबीवर चौथ्या उपस्वराचा निस्पंद बिंदू येतो. पिकअप नेमका तेथे असेल, तर मोकळ्या तारेचा तो उपस्वर जवळजवळ ऐकूच येत नाही. घोडीजवळ सर्वच सुरांचे कंपन लहान असते, पण मूळ सुराचे फारच लहान. म्हणून तेथील पिकअपचा आवाज टणक, तर दांडीकडच्याचा भरदार.

आता बटणांकडे वळू. साध्या बेसमधील टोनच्या बटणामागे एक धारित्र, म्हणजे कंडेन्सर असतो, पुष्कळदा ०.०४७ मायक्रोफॅरडचा. त्याचा अडथळा ४१ हर्ट्झला सुमारे ८३,००० ओहम, पण २,००० हर्ट्झला केवळ १,७०० ओहम! (सूत्र माहीत असेल तर गणित करून पाहा.) बटण पूर्ण बंद केले की तीव्र सूर या सोप्या वाटेने निघून जातात आणि खर्ज मागे उरतो. ध्यानात घ्या, खर्ज वाढलेला नसतो; वरचे सूर तेवढे कमी झालेले असतात. वेटोळ्याची क्षीण वीज या मंडलात वाढवता येत नाही.

वाढवण्यासाठी बाहेरून शक्ती हवी. १९७६ साली आलेल्या म्युझिक मॅन कंपनीच्या ‘स्टिंगरे’ बेसमध्ये बॅटरीवर चालणारे छोटे विवर्धक मंडल बसवलेले होते. खर्जासाठी एक बटण, वरच्या सुरांसाठी दुसरे. अशा मंडलाला इक्वलायझर म्हणतात. हवा तो पट्टा येथे खरोखर उचलता येतो. आणखी एक फायदा असा, की लांब केबल स्वतःच धारित्रासारखी वागून वरचे सूर गिळते. विवर्धकातून निघालेल्या विजेला तिचा तितका त्रास होत नाही.

मात्र ९ व्होल्टची बॅटरी संपली, की वेटोळ्यात वीज निर्माण होत असूनही अशी बेस मुकी होते. काही बेसमध्ये त्यासाठी मंडल टाळून थेट पिकअप जोडणारी कळ असते. बहुतेकींत केबलची पिन खोचताच बॅटरी सुरू होते. म्हणून वादक वाजवून झाले की पिन आठवणीने काढून ठेवतात.