घराबाहेरचं मैदान

६ डिसेंबर २००१. मोहालीच्या कसोटीत इंग्लंडचा दुसरा डाव २३५ धावांत आटोपला आणि भारतापुढे जिंकायला पाच धावा उरल्या. दीप दासगुप्ताच्या जोडीला सलामीला जो उतरला तो खरं तर वेगवान गोलंदाज. ही त्याची पहिलीच कसोटी. त्या पाचही धावा त्यानेच काढल्या, विजयी फटकाही त्याचाच. पहिल्या डावात खाली फलंदाजीला येऊन त्याने २४ धावा केल्या होत्या आणि सामन्यात एक बळीही घेतला होता. त्याचं नाव इक्बाल सिद्दीकी, गाव तेव्हाचं औरंगाबाद, आजचं छत्रपती संभाजीनगर.

त्याच संघात सातव्या क्रमांकावर संजय बांगर होता. जन्म बीडचा, शाळा औरंगाबादची, सेंट फ्रान्सिस डी सेल्स. त्याचीही ती पहिलीच कसोटी. केरळचा टिनू योहानन हा तिसरा नवखा. म्हणजे भारताचे तिन्ही वेगवान आणि मध्यमगती गोलंदाज एकाच सामन्यात पदार्पण करत होते आणि त्यातले दोघे एकाच शहराच्या मैदानांवर वाढलेले होते. मुंबई-पुण्याबाहेरच्या एखाद्या शहराच्या वाट्याला असा दिवस क्वचितच येतो. आमच्या शहराने तो हवा तसा जपलेला नाही, याचं मला वाईट वाटतं. इथल्या नेटमध्ये सराव करणाऱ्या मुलांना विराट आणि बुमराह ठाऊक असतात. मोहालीतल्या त्या पाच धावा आपल्याच गावच्या माणसाच्या होत्या हे त्यांना कुणीतरी सांगायला हवं.

सिद्दीकीला दुसरी कसोटी मिळाली नाही. महाराष्ट्राकडून तो वर्षानुवर्षं नवा चेंडू टाकत राहिला आणि प्रथम श्रेणीत त्याचे बळी तीनशेच्या पुढे गेले. आपल्याकडच्या पाटा खेळपट्ट्यांवर वेगवान गोलंदाजाने तीनशे बळी घेणं म्हणजे उन्हातान्हात, कधी रिकाम्या स्टेडियममध्ये, दिवसाला वीस-वीस षटकं टाकत राहणं. एका कसोटीवर त्याचं मोजमाप करणं मला अन्यायाचं वाटतं. नव्या चेंडूला जीव लावणारा गोलंदाज होता तो, आणि आणखी दोन-तीन संधींचा त्याचा हक्क होता.

बांगरची वाट वेगळी. शाळकरी वयातच तो मुंबईला गेला. मुंबई आणि महाराष्ट्राच्या वयोगटांच्या संघांत खेळला, पण रणजी संघाचं दार उघडेना. ते उघडलं रेल्वेने. नोकरी आणि संघ दोन्ही एकदम मिळाले. मग तो रेल्वेकडून असा खेळला की २००१-०२ आणि २००४-०५ या दोन्ही मोसमांत रेल्वेने रणजी करंडक जिंकला. फेब्रुवारी २००२ मध्ये नागपुरात झिम्बाब्वेविरुद्ध त्याने नाबाद शतक ठोकलं. पण त्याची खरी खेळी ऑगस्ट २००२ मधली, लीड्सच्या हेडिंग्ले मैदानावरची. ढगाळ हवा, हिरवट खेळपट्टी, टॉस जिंकून गांगुलीने घेतलेली फलंदाजी. सेहवाग आठ धावांवर गेला. सलामीला पाठवलेला बांगर एका बाजूला उभा राहिला, दुसऱ्या बाजूला द्रविड. सोडायचे चेंडू सोडले, अंगावरचे अंगावर घेतले, खेळायचे तेवढेच खेळले. दोघांनी १७० धावा जोडल्या, त्यात बांगरच्या ६८. पुढे द्रविडने १४८, सचिनने १९३ आणि गांगुलीने १२८ केल्या. भारताने एक डाव आणि ४६ धावांनी सामना जिंकला. इंग्लंडच्या दुसऱ्या डावात बांगरने दोन बळीही घेतले. या सामन्याची आठवण निघाली की तीन शतकांचीच चर्चा होते. मला विचाराल तर त्या डावाचा पाया पहिल्या दिवशी सकाळी बांगरने घातला. १२ कसोटींनंतर तो संघाबाहेर गेला आणि २०१४ ते २०१९ या काळात भारतीय संघाचा फलंदाजी प्रशिक्षक म्हणून परत ड्रेसिंग रूममध्ये आला.

दोघांच्या वाटा शेजारी ठेवून पाहिल्या की मराठवाड्याच्या खेळाची एक जुनी गोष्ट समोर येते. इथल्या खेळाडूचं पुढचं पाऊल नेहमी गावाबाहेर पडलं आहे आणि बहुतेक वेळा ते नोकरीच्या आधाराने पडलं आहे. गुण इथले, घाम इथला. पण निवड चाचणी पुण्यात, तालीम कोल्हापुरात, धावपट्टी सैन्याच्या छावणीत. मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. तोपर्यंत कोल्हापुरात शाहू महाराजांनी कुस्तीला दिलेला राजाश्रय रुजला होता, मुंबई-पुण्यात जिमखाने आणि संघटना उभ्या राहिल्या होत्या. आपण महाराष्ट्राच्या घरात उशिरा आलो. क्रिकेट संघटनेचं मुख्यालय पुण्यात, त्यामुळे रात्रीची एसटी धरायची, सकाळी तोंड धुऊन किट खांद्यावर टाकून मैदान गाठायचं, हा क्रम इथल्या क्रिकेटपटूंच्या पिढ्यान् पिढ्यांच्या अंगवळणी पडला.

तरीही राज्याच्या खेळाचा एक मानाचा क्षण याच शहरात घडला. १९६१ साली पहिली महाराष्ट्र केसरी औरंगाबादेत झाली आणि दिनकर दह्यारी पहिले महाराष्ट्र केसरी ठरले. जत्रेच्या फडात नारळावरच्या कुस्त्यांपासून शेवटच्या मानाच्या जोडीपर्यंत संध्याकाळ रंगवणाऱ्या मराठवाड्याला राज्याची गदा पहिल्यांदा जवळून दिसली ती इथे.

आठ वर्षांनी, १९६९ मध्ये, ती गदा मराठवाड्याच्या खांद्यावर आली. हरिश्चंद्र बिराजदार हे लातूर जिल्ह्यातल्या रामलिंग मुदगडचे. कुस्तीसाठी त्यांनी कोल्हापूर गाठलं. महाराष्ट्र केसरीनंतर १९७० च्या एडिनबर्ग राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्णपदक, मग हिंद केसरी, रुस्तुम-ए-हिंद. पण जुन्या माणसांना आधी आठवते ती १९७७ ची बेळगावची कुस्ती. समोर दिल्लीचा सतपाल, गुरू हनुमानांच्या आखाड्यातला उंचापुरा पैलवान, त्या काळात जवळजवळ अजिंक्य मानला गेलेला. बिराजदारांनी त्याला हरवलं. त्या कुस्तीचं वर्णन करताना आजही म्हातारे पैलवान बसल्या जागी हात पुढे करून डाव दाखवतात.

पुढे दोघेही वस्ताद झाले. सतपालच्या आखाड्यातून सुशीलकुमार घडला. बिराजदारांनी पुण्यात गोकुळ वस्ताद तालमीत मुलं घडवायला घेतली आणि त्यात एक होता बीड जिल्ह्यातल्या पाटोद्याचा राहुल आवारे. वडील बाळासाहेब स्वतः पैलवान. पोराला त्यांनी लहानपणीच बिराजदारांच्या हवाली केलं. मराठवाड्यातल्या एका पैलवानाने घर सोडून मिळवलेली विद्या त्याच मातीतल्या दुसऱ्या पोराला दिली, पण पुण्याच्या आखाड्यात. सप्टेंबर २०११ मध्ये वस्ताद गेले. राहुल मग काका पवारांकडे गेला. तेही लातूर जिल्ह्यातलेच. संघात निवड होईल म्हणता म्हणता हुकण्याची वर्षं त्याने खूप सोसली. २०१८ मध्ये गोल्ड कोस्टच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ५७ किलो गटाच्या अंतिम फेरीत त्याने कॅनडाच्या स्टीव्हन ताकाहाशीला १५-७ ने हरवलं आणि ते सुवर्ण बिराजदार वस्तादांना अर्पण केलं. एडिनबर्ग आणि गोल्ड कोस्ट यांच्यात ४८ वर्षांचं अंतर. पुढच्या वर्षी जागतिक स्पर्धेत ६१ किलोत कांस्य, २०२० मध्ये अर्जुन पुरस्कार. राज्याच्या पोलीस दलाने त्याला उपअधीक्षकाचं पद दिलं.

पोलिसांच्या नोकरीवरून रफिक शेख यांची आठवण येते. औरंगाबाद ग्रामीण पोलिसांतले हे शिपाई २०१४ मध्ये एव्हरेस्टच्या पायथ्याशी गेले, तर खुंबू हिमप्रपातात हिमकडा कोसळून १६ जण मृत्युमुखी पडले आणि मोसमच संपला. २०१५ मध्ये पुन्हा गेले, तर नेपाळचा भूकंप. दोनदा पैसा, रजा आणि शरीर पणाला लावून रिकाम्या हाती परतलेला माणूस तिसऱ्यांदा निघाला आणि मे २०१६ मध्ये माथ्यावर पोहोचला. दोन वर्षांनी, मे २०१८ मध्ये, याच शहरातल्या मनीषा वाघमारे यांनीही एव्हरेस्ट सर केलं. आदल्या वर्षी शिखर हाकेच्या अंतरावर असताना त्या मागे फिरल्या होत्या. तिथून मागे फिरायला फार मोठी हिंमत लागते असं मला वाटतं.

धावपटू अविनाश साबळेची गोष्ट सैन्याशिवाय सांगताच येत नाही. आष्टी तालुक्यातलं मांडवा, वीटभट्टीवर राबणारे आईवडील, शाळेसाठी रोजची सहा किलोमीटरची पायपीट. बारावीनंतर तो महार रेजिमेंटमध्ये भरती झाला. धावपटू व्हायचं म्हणून नव्हे, घराला आधार हवा म्हणून. सियाचीनच्या बर्फात राहिला, राजस्थानच्या वाळूत राहिला. २०१५ मध्ये सैन्यातल्या क्रॉसकंट्रीत धावायला लागला. मधल्या काळात वजन वाढलं होतं. ते उतरवलं आणि प्रशिक्षक अमरीश कुमार यांच्या सांगण्यावरून स्टीपलचेसकडे वळला. तीन हजार मीटर, वाटेत २८ अडथळे आणि सात पाण्याच्या उड्या. २०१८ मध्ये भुवनेश्वरला त्याने ८ मिनिटं २९.८० सेकंदांची वेळ दिली आणि गोपाल सैनींचा १९८१ चा राष्ट्रीय विक्रम मोडला. त्यानंतर तो स्वतःचाच विक्रम मोडत गेला.

२०२२ च्या बर्मिंगहॅमची शेवटची फेरी मी कितीदा पाहिली असेल. या शर्यतीत राष्ट्रकुलचं एकही पदक १९९८ पासून केनियाबाहेर गेलेलं नव्हतं. केनियाच्या तिघांमध्ये हा मांडव्याचा गडी, शेवटच्या सरळ पट्ट्यात अब्राहम किबिवोटच्या खांद्याला खांदा लावून. किबिवोट ८:११.१५, साबळे ८:११.२०. पाच शतांश सेकंदांनी सुवर्ण हुकलं. पण त्या दिवसापासून जगातले धावपटू त्याला ओळखू लागले. २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण, शिवाय पाच हजार मीटरचं रौप्य. जुलै २०२४ मध्ये पॅरिस डायमंड लीगमध्ये ८:०९.९१, आणि महिन्याभरात त्याच शहरात ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत अकरावा. त्या फेरीत पोहोचलेला तो पहिला भारतीय पुरुष. २०२५ च्या जुलैत मोनॅकोत पाण्याच्या उडीवर पडून त्याच्या गुडघ्याला गंभीर दुखापत झाली आणि त्या वर्षीची टोकियोची जागतिक स्पर्धा हातची गेली.

क्रिकेटमध्येही बांगर-सिद्दीकींनंतर ओघ थांबला नाही. जालन्याच्या विजय झोलने २०११ मध्ये महाराष्ट्राच्या १९ वर्षांखालील संघाकडून आसामविरुद्ध नाबाद ४५१ केल्या आणि पुढे युवा विश्वचषकात भारताचं नेतृत्व केलं. पैठणमध्ये जन्मलेल्या अंकित बावणेने २०१६ मध्ये वानखेडेवर दिल्लीविरुद्ध स्वप्नील गुगळेबरोबर ५९४ धावांची अभेद्य भागीदारी केली. त्यात बावणेच्या नाबाद २५८. तोवर प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये याहून मोठी भागीदारी एकच होती, संगकारा आणि जयवर्धने यांची ६२४ धावांची. फेब्रुवारी २०२४ मध्ये युवा विश्वचषकाच्या उपांत्य फेरीत भारताची अवस्था ४ बाद ३२ असताना बीडचा सचिन धस ९६ धावा करून गेला.

शहराला हक्काचं मोठं काही मिळता मिळता राहिलं ते क्रीडा विद्यापीठाच्या वेळी. राज्याचं आंतरराष्ट्रीय क्रीडा विद्यापीठ औरंगाबादला होणार असं आधी जाहीर झालं आणि २०२० मध्ये कायदा होताना ते पुण्याच्या बालेवाडीला गेलं. बालेवाडीत सोयी तयार होत्या, हे कारण मला समजतं. पण सोयी नसतात तिथेच त्या उभ्या करायच्या असतात, हेही मला तितक्याच कळकळीने सांगावंसं वाटतं. शहरातल्या विद्यापीठाच्या आवारातलं साईचं (भारतीय क्रीडा प्राधिकरणाचं) केंद्र आणि गारखेड्याचं विभागीय क्रीडा संकुल एवढ्या आधारावर इथले मार्गदर्शक वर्षानुवर्षं मुलं घडवत आले आहेत.

या सगळ्यांत धाराशिवचं खो-खो वेगळं. त्याला फार काही लागत नाही: मैदान, दोन खुंट, बारा जणांचा संघ आणि रोज संध्याकाळी न चुकता येणारा प्रशिक्षक. चंद्रजीत जाधव यांनी ते वर्षानुवर्षं केलं. म्हणून सारिका काळेला गाव सोडावं लागलं नाही. घरात गरिबी इतकी की कित्येक वर्षं दिवसाला एकदाच जेवण मिळायचं, आणि तशा पोटाने ही मुलगी संरक्षणात पळायची, हुलकावण्या द्यायची, आक्रमणात सूर मारायची. २०१६ मध्ये गुवाहाटीच्या दक्षिण आशियाई स्पर्धेत तिच्या नेतृत्वाखाली भारताने सुवर्ण जिंकलं. २०२० मध्ये तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. नोकरी तिलाही लागली, पण घराजवळ, तुळजापूरला तालुका क्रीडा अधिकाऱ्याची. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला. अंतिम सामन्यात भारताच्या मुलींनी नेपाळला ७८-४० असं हरवलं. कर्णधार प्रियंका इंगळे मूळची बीड जिल्ह्यातल्या केज तालुक्यातली, आणि त्या संघातली अश्विनी शिंदे धाराशिवची.