शितावरून भाताची परीक्षा : संगणकाच्या साहाय्याने सांख्यिकीचा सराव

शितावरून भाताची परीक्षा ही म्हण आपल्या घराघरांत परिचित आहे. नमुना पाहणीचे मूळ तत्त्व तिच्यात सामावलेले आहे. परंतु भांड्यातील भात एकाच पाण्यात आणि एकाच आचेवर शिजलेला असतो, म्हणून तेथे एक शीत पुरते. शेताशिवाराचे तसे नसते. एकाच गावात माळावरची हलकी जमीन असते, नदीकाठची काळी कसदार जमीन असते आणि विहिरीच्या पाण्यावर पिकणारे चार वाफेही असतात. अशा ठिकाणी किती शिते तपासावीत, ती कोणती असावीत आणि त्यांवरून काढलेल्या अंदाजावर कितपत विसंबावे, हे प्रश्न उभे राहतात. त्यांची उत्तरे देणारे शास्त्र म्हणजे सांख्यिकी होय.

हे शास्त्र केवळ महाविद्यालयीन अभ्यासक्रमापुरते आहे, असा समज अद्यापही आढळतो. वस्तुतः ग्रामपंचायतीचे सदस्य, शिक्षक आणि क्षेत्रीय अधिकारी यांचा त्याच्याशी रोजचा संबंध येतो. पूर्वी या शास्त्राचा सराव करावयाचा म्हणजे कोष्टकांची पुस्तके समोर घेऊन तासन् तास आकडेमोड करावी लागे. आज शाळेतील किंवा ग्रामपंचायत कार्यालयातील साध्या संगणकावर हे काम काही क्षणांत होते. तथापि, या सोयीचा खरा लाभ वेळ वाचण्यात नाही. जो प्रयोग प्रत्यक्षात एकदाच करता येतो, तो संगणकावर हजार वेळा करून पाहता येतो, हा तिचा मोठा गुण आहे.

पीक कापणी प्रयोगाचे उदाहरण

या सरावासाठी पीक कापणी प्रयोगासारखे दुसरे बोलके उदाहरण नाही. २०१६ च्या खरीप हंगामापासून सुरू झालेल्या प्रधानमंत्री पीक विमा योजनेत नुकसानभरपाई ठरविताना विमा क्षेत्राचे सरासरी उत्पन्न हा मुख्य आधार असतो. महाराष्ट्रात प्रमुख पिकांसाठी हे क्षेत्र सर्वसाधारणपणे महसूल मंडळ असते. मागील सात वर्षांपैकी उत्तम पाच वर्षांच्या सरासरीला जोखीमस्तराने गुणून उंबरठा उत्पन्न काढले जाते. चालू हंगामाचे सरासरी उत्पन्न त्याहून जितके कमी भरेल, त्या प्रमाणात भरपाई देय होते.

मंडळातील प्रत्येक शेताची कापणी करून वजन घेणे शक्य नसते. म्हणून योजनेच्या मार्गदर्शक सूचनांनी मंडळ पातळीवर किमान १० प्रयोगांची अपेक्षा ठेवली आहे. महसूल, कृषी व ग्रामविकास या तिन्ही विभागांचे कर्मचारी हे प्रयोग करतात. म्हणजे हजारो शेतांचे भवितव्य दहा ठिकाणच्या वजनांवर अवलंबून असते. त्या दहा आकड्यांचा अर्थ नीट लावता येणे ही शेतकऱ्याच्या दृष्टीने किती महत्त्वाची बाब आहे, हे वेगळे सांगावयास नको.

संगणकीय साधने

सरावासाठी महागडी साधने लागत नाहीत. तक्ते करण्याच्या नेहमीच्या एक्सेल किंवा लिब्रेऑफिस कॅल्क या आज्ञावल्यांत सरासरी, मध्यक आणि प्रमाण विचलन काढण्याची सोय असते. याहून पुढे जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी ‘आर’ ही खास सांख्यिकीसाठी रचलेली आज्ञावली आहे. न्यूझीलंडमधील ऑकलंड विद्यापीठातील रॉस इहाका आणि रॉबर्ट जंटलमन या दोन प्राध्यापकांनी ती तयार केली. १९९५ पासून ती मुक्त परवान्याखाली सर्वांना विनामूल्य उपलब्ध आहे. या दोघांच्या पहिल्या नावांचे आद्याक्षर हेच तिचे नाव झाले.

पहिला सराव : दहा आकडे

समजा, एका मंडळातील सोयाबीनच्या दहा प्रयोगांतून दर हेक्टरी क्विंटलमध्ये पुढील उत्पन्न मिळाले (हे आकडे केवळ सरावासाठी घेतलेले आहेत) : १२, १५, ९, १८, १४, ११, १६, १३, १०, २२. हे आकडे एका रकान्यात भरून सरासरीची आज्ञा दिली की उत्तर येते १४. आकडे चढत्या क्रमाने लावून मधल्या दोहोंचा मध्य घेतला की मध्यक मिळतो, तो १३.५ आहे. सरासरीपासून आकडे साधारणपणे किती दूर विखुरले आहेत, हे सांगणारे प्रमाण विचलन ३.९४ येते.

आता एक छोटीशी चूक मुद्दाम करून पाहावी. शेवटचा २२ हा आकडा भरताना २२० असा भरावा. सरासरी एकदम ३३.८ वर जाते, मध्यक मात्र १३.५ वरच राहतो. नोंदवहीतून आकडे उतरविताना एक शून्य जास्त पडणे ही काही दुर्मीळ गोष्ट नव्हे. सरासरी व मध्यक यांत मोठी तफावत दिसली, तर मूळ नोंदी पुन्हा तपासाव्यात, हा धडा या साध्या सरावातून मिळतो. तफावत म्हणजे चूकच असे मात्र नाही. काही शेते खरोखरच फार चांगली पिकलेली असू शकतात. संगणक केवळ शंका दाखवितो, तिचे निरसन शेतावर जाऊनच करावे लागते.

प्रमाण विचलनाला प्रयोगांच्या संख्येच्या वर्गमूळाने भागले असता प्रमाण त्रुटी मिळते. वरील उदाहरणात ती सुमारे १.२५ क्विंटल आहे. तिच्या आधारे आणि नमुना लहान असल्याची दखल घेऊन हिशेब केला, तर मंडळाची खरी सरासरी सुमारे ११.२ ते १६.८ यांच्या दरम्यान असावी, असे ९५ टक्के विश्वासाने म्हणता येते. याचाच अर्थ, नुसते ‘१४ क्विंटल’ असे सांगणे म्हणजे अर्धी गोष्ट सांगणे होय.

दुसरा सराव : योगायोगाची ओळख

योगायोगाने किती फरक पडू शकतो, याविषयी आपला अंदाज बहुधा चुकतो. नाणे दहा वेळा उडविले तर पाच वेळा छापा पडेल, असे आपण गृहीत धरतो. संभाव्यतेच्या नियमाप्रमाणे नेमके पाच छापे पडण्याची शक्यता २४.६ टक्केच आहे. सात किंवा अधिक छापे पडण्याची शक्यता १७ टक्क्यांहून थोडी अधिक आहे. परंतु शंभर नाणेफेकींत सत्तर किंवा अधिक छापे पडण्याची शक्यता लाखात सुमारे चार इतकी अल्प असते. प्रमाण तेच, सत्तर टक्के. पण संख्या वाढताच योगायोगाची पकड सैल होते.

शिक्षकांनी हाच विचार शाळांच्या निकालास लावून पाहावा. समजा, एका तालुक्यातील सर्व शाळांत अध्यापनाचा दर्जा अगदी सारखा आहे आणि प्रत्येक विद्यार्थी उत्तीर्ण होण्याची शक्यता ८० टक्के आहे. ज्या शाळेतून दहाच विद्यार्थी परीक्षेस बसले, तिचा निकाल शंभर टक्के लागण्याची शक्यता सुमारे ११ टक्के आहे, तर ६० टक्के किंवा त्याहून कमी लागण्याची शक्यता सुमारे १२ टक्के आहे. शंभर विद्यार्थ्यांच्या शाळेत या दोन्ही गोष्टी जवळजवळ अशक्य आहेत. म्हणून गुणानुक्रमे यादी केली, तर तिच्या अग्रभागी लहान शाळा दिसतील आणि तळाशीही लहान शाळाच दिसतील. पहिल्यांचा सत्कार आणि दुसऱ्यांना खुलासापत्र, अशी घाई करण्यापूर्वी अधिकाऱ्यांनी तीनचार वर्षांचे निकाल एकत्र पाहणे न्यायाचे ठरेल.

तिसरा सराव : हजार वेळा मंडळ मोजणे

आता पुन्हा पीक कापणीकडे वळू. संगणकावर एक काल्पनिक मंडळ उभे करावे. त्यात हजार शेते असावीत, त्यांची खरी सरासरी १२ क्विंटल व प्रमाण विचलन ४ क्विंटल असावे. ‘आर’मध्ये अशी यादी एका ओळीच्या आज्ञेने तयार होते. एखादा आकडा शून्याखाली गेलाच, तर तो शून्य धरावा. मंडळाचे उंबरठा उत्पन्न १३ क्विंटल आहे असे समजू. खरे पाहता येथील शेतकरी भरपाईस पात्र आहेत. तूट १ क्विंटलची, म्हणजे तेराव्या हिश्शाची असल्याने विमा संरक्षित रकमेच्या दर १०० रुपयांमागे सुमारे ७ रुपये ७० पैसे त्यांना मिळावयास हवेत.

या यादीतून चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दहा शेते निवडण्याची आज्ञा द्यावी, त्यांची सरासरी काढावी आणि हीच कृती हजार वेळा करवून घ्यावी. मिळालेल्या हजार सरासऱ्यांचा स्तंभालेख काढला, तर मध्यभागी उंच आणि दोन्ही बाजूंना उतरता असा ढीग दिसतो. बहुतेक सरासऱ्या ९.५ ते १४.५ यांच्या दरम्यान पडतात. पण नीट मोजल्यास असे आढळते की, हजारांपैकी सुमारे २१० वेळा सरासरी १३ किंवा अधिक येते. म्हणजे निवड निर्दोष असूनही पाचांतून एकदा पात्र मंडळ भरपाईस मुकते. याच्या उलट, खरी सरासरी १४ असलेले मंडळ तितक्याच वेळा अपात्र असूनही पात्र ठरते.

प्रयोगांची संख्या १६ केली, तर हे प्रमाण हजारात सुमारे १६० वर येते. संख्या ४० केली की ते ६० च्याही खाली जाते. त्रुटी निम्मी करावयाची असेल, तर प्रयोग दुप्पट नव्हे तर चौपट करावे लागतात, हा वर्गमूळाचा नियम येथे डोळ्यांनी दिसतो. जे सूत्र पुस्तकात वाचून विसरले जाते, ते असे एकदा पाहिले की विसरत नाही.

संगणक काय करू शकत नाही

येथवरचे विवेचन निवड व मोजणी बिनचूक झाली, या गृहीतावर आधारलेले आहे. ते गृहीत ढळले तर काय होते, याचा अभ्यास आपल्याच देशात आणि एका महाराष्ट्रीय शास्त्रज्ञाने केला, ही अभिमानाची गोष्ट आहे. सातारा जिल्ह्यातील बुध येथे १९११ साली जन्मलेले डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी १९४० नंतरच्या दशकात पीक कापणी पाहण्यांची शास्त्रीय घडी बसविली. पुढे १९५१ पासून त्यांनी संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत सांख्यिकी विभागाची धुरा वाहिली. फार लहान तुकड्यांची कापणी केली, तर उत्पन्न वास्तवापेक्षा जास्त दिसते, हे त्यांनी १९४६ च्या सुमारास दाखवून दिले. तुकडा लहान असला की त्याच्या आतील क्षेत्राच्या मानाने सीमा मोठी पडते आणि सीमेवरचे झाड आत धरण्याकडे कापणाऱ्याचा सहज कल होतो. प्रा. प्रशांतचंद्र महालनोबीस यांची लहान तुकड्यांविषयीची भूमिका निराळी होती. या दोन थोर शास्त्रज्ञांतील मतभेदांमुळे विषयाचा अधिक सखोल विचार झाला.

अशा एकतर्फी चुकीचा परिणाम संगणकावर पाहता येतो. प्रयोगाचा तुकडा १० मीटर लांब व ५ मीटर रुंद धरला, तर एका हेक्टरात असे २०० तुकडे बसतात. तुकड्यामागे वजनात अर्ध्या किलोची वाढ झाली, तर हेक्टरी हिशेबात ती १ क्विंटल होते. आपल्या काल्पनिक मंडळातील प्रत्येक आकड्यात १ मिळवावा आणि पुन्हा हजार वेळा निवड करावी. आता सरासऱ्यांचा ढीग १२ ऐवजी १३ भोवती जमतो आणि पात्र मंडळ निम्म्या वेळा भरपाईस मुकते. प्रयोग दहाऐवजी चाळीस केले तरी हे प्रमाण निम्म्याखाली उतरत नाही. ढीग अरुंद होतो, पण तो चुकीच्याच जागी अरुंद होतो.

म्हणूनच शेताची निवड यादृच्छिक अंकांनी करणे, तुकडा शेताच्या नैर्ऋत्य कोपऱ्यापासून नियमाप्रमाणे मोजून आखणे, दोर ताणून धरणे आणि वजनकाटा तपासून घेणे या बाबी निव्वळ औपचारिकता नव्हेत. ठरलेले शेत दूर आहे म्हणून रस्त्याकडेचे शेत घेतले, तर ती चूक कोणत्याही आज्ञावलीने नंतर दुरुस्त होत नाही. प्रयोगाच्या वेळी गावातील प्रतिनिधींनी हजर राहून दोर व काटा यांकडे लक्ष देणे हे म्हणूनच मोलाचे काम आहे.

सरावाची सुरुवात

शाळेतील विद्यार्थ्यांची उंची, गावातील विहिरींची पाणीपातळी, पर्जन्यमापकावरील नोंदी अशा जवळच्या माहितीपासून हा सराव सुरू करता येईल. प्रथम आकड्यांचा आलेख पाहावा, मग सरासरी, मध्यक व प्रमाण विचलन काढावे आणि शेवटी त्याच यादीतून वारंवार नमुने घेऊन त्यांची सरासरी किती हलते, हे पाहावे. प्रत्येक वेळी उत्तर येण्यापूर्वी आपला अंदाज कागदावर लिहून ठेवावा. अंदाज आणि उत्तर यांतील अंतर हाच खरा शिक्षक होय.

या सरावातून प्रत्येकजण संख्याशास्त्रज्ञ होईल, अशी अपेक्षा नाही. परंतु एखादा आकडा समोर आला असता, तो किती ठिकाणांहून आला, ती ठिकाणे कोणी व कशी निवडली आणि त्यात किती चढउतार संभवतो, हे तीन प्रश्न विचारण्याची सवय निश्चितच लागेल. ग्रामसभेत असे प्रश्न विचारले जाऊ लागले आणि त्यांची उत्तरे देण्याची तयारी कार्यालयांत झाली, तर आकड्यांवर घेतले जाणारे निर्णय अधिक न्याय्य होतील.