काळी माती, गाडी आणि पाण्याची धार

परभणी जिल्ह्याच्या सेलू तालुक्यातील वालूर हे गाव चक्राकार पायऱ्यांच्या बारवेसाठी ओळखले जाते; शेतीच्या दृष्टीने मात्र ते मराठवाड्यातील इतर असंख्य गावांसारखेच काळ्या जमिनीचे, कापूस-सोयाबीन-तुरीचे गाव आहे, आणि तेथे वाहन धुणे म्हणजे मुख्यतः ही काळी माती काढणे होय. बेसाल्ट खडकाच्या झिजेतून बनलेल्या या मातीत पाणी शोषून फुगणाऱ्या चिकणमातीचे प्रमाण मोठे असते. ओली असताना ती चिकटते आणि वाळली की आकसून घट्ट बसते. उन्हाळ्यात शेताला पडणाऱ्या भेगाही याच गुणामुळे पडतात. ट्रॅक्टरच्या मडगार्डखाली किंवा मोटारसायकलच्या चेनकव्हरमागे वाळलेला असा थर साध्या नळीच्या पाण्याने हलत नाही, म्हणून वॉशिंग सेंटरवरील प्रेशरची गन हाती घेतली जाते, आणि खंडेनवमीच्या आदल्या दिवशी अवजारे व वाहने पूजेसाठी स्वच्छ करण्याची घाई असते तेव्हा तर ती दिवसभर खाली ठेवली जात नाही.

या यंत्राचे काम समजले की त्याचा धोकाही समजतो. उच्चदाब पंप पाणी दाबून नोझलच्या अगदी बारीक छिद्रातून बाहेर काढतो. दाब ‘बार’ या एककात मोजतात. १ बार म्हणजे साधारणपणे समुद्रसपाटीवरील हवेच्या दाबाइतका दाब. मोटारीच्या टायरमध्ये २ बारच्या थोडी वर हवा असते, तर घरगुती धुलाई यंत्रे १०० ते १३० बारच्या आसपास चालतात. १०० बार दाबाने सुटलेल्या पाण्याचा वेग गणिताने सेकंदाला सुमारे १४० मीटर, म्हणजे ताशी ५०० किलोमीटर भरतो. हवेत शिरताच धार फुटू लागते व तिचा मारा झपाट्याने कमी होतो, त्यामुळे नोझलपासून चार-पाच सेंटिमीटरवर जे पाणी रंग उडवते तेच हातभर अंतरावर केवळ धूळ धुते. या यंत्राचा खरा नियंत्रक त्याच्या मीटरवर नसून धुणाऱ्याच्या हातातील अंतरात आहे, ही गोष्ट वापरणाऱ्यांपैकी फार थोड्यांना सांगितली जाते.

माणसाच्या त्वचेच्या बाबतीत तर अंतराचा हा प्रश्न जीवावर बेतू शकतो. सुमारे ७ बार दाबाची बारीक धारही त्वचा भेदून आत शिरू शकते, असे वैद्यकीय ग्रंथ सांगतात. धुलाई यंत्रांचा दाब त्याच्या कितीतरी पट असतो. जखम बाहेरून सुई टोचल्याएवढी दिसते, रक्तही फारसे येत नाही, आणि ‘पाणीच तर लागलं’ म्हणून ती दुर्लक्षिली जाते; आत मात्र पाणी, माती, ग्रीस व जंतू स्नायूंच्या आवरणांमधून दूरवर पसरलेले असू शकतात आणि काही तासांत सूज, बधिरपणा व संसर्ग सुरू होतो. अशी जखम तातडीच्या शस्त्रक्रियेची समजली जाते. म्हणून ती हळद लावून घरी पाहत बसण्याची नव्हे. त्याच दिवशी, शक्यतो त्याच तासाला, शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात जाणे आणि धार किती दाबाची होती व पाण्यात काय मिसळले होते हे डॉक्टरांना स्पष्ट सांगणे आवश्यक असते. चोंदलेले नोझल बोटाने चाचपणे, चपलेवरचा चिखल पायातच धारेने काढणे आणि गंमत म्हणून एकमेकांवर गन रोखणे ही अशा जखमांची नेहमीची निमित्ते आहेत. बैल किंवा म्हशी याच धारेने धुणेही त्यांच्यासाठी तितकेच घातक ठरते.

काळी माती काढण्याचा शहाणा मार्ग तिच्या स्वभावातच आहे. वाळलेल्या थरावर आधी कमी दाबाचे पाणी शिंपडून दहा-पंधरा मिनिटे थांबले तर माती आपोआप फुगते, तिची पकड सैल होते आणि रुंद फवाऱ्याने ती ढेकळाढेकळाने गळून पडते. न भिजवता जवळून धार मारली तर मातीतील बारीक वाळू रंगावर घासली जाते व चरे पडतात. जोर वाढवण्यापेक्षा थांबणे स्वस्त पडते. मात्र वॉशिंग सेंटरवर रांग लागलेली असताना थांबण्याला कोणी पैसे देत नाही, हीही वस्तुस्थिती आहे. पंख्यासारखा पसरणारा २५ किंवा ४० अंशांचा फवारा वाहनासाठी योग्य. शून्य अंशाची, सुतासारखी सरळ जाणारी धार वाहनाच्या कोणत्याही भागावर वापरू नये. टायरसाठी निदान ३० सेंटिमीटर अंतर राखण्याची सूचना यंत्रांच्या पुस्तिकांत दिलेली असते, कारण जवळच्या धारेने टायरच्या बाजूच्या भिंतीला व व्हॉल्व्हला इजा होते. या इजेची पहिली खूण म्हणजे रबराचा बदललेला रंग. आतील धागे कमजोर झाले तर टायर पुढे कधीतरी, भर वेगात, फुटू शकतो.

चाकांची व स्टिअरिंगची बेअरिंगे रबरी सीलमागे ग्रीसमध्ये बसवलेली असतात. पाऊस अडवण्यासाठी केलेले सील समोरून येणारी उच्चदाब धार अडवू शकत नाही, मग ग्रीस धुऊन निघते, पाणी आत राहते आणि महिन्याभराने चाकातून घरघर ऐकू येते. ट्रॅक्टरच्या रेडिएटरमध्ये भुसा अडकतो, पण त्याच्या पातळ पट्ट्या जवळच्या धारेने वाकतात व हवा उलट कमी जाते. तेथे हवेचा झोत किंवा मऊ ब्रश बरा. तापलेल्या इंजिनावर व सायलेन्सरवर गार पाणी मारू नये. विजेवरच्या दुचाकींबाबत एक गैरसमज पसरलेला आहे: बॅटरीवर ‘आयपी ६७’ असे लिहिलेले असले की ती कशानेही धुता येते, असे मानले जाते. त्या अंकांतील ७ चा अर्थ वस्तू १ मीटर खोल पाण्यात ३० मिनिटे टिकेल एवढाच आहे. उच्चदाबाच्या गरम धारेची कसोटी ९ या अंकाची असते, आणि पहिली उत्तीर्ण झाली म्हणजे दुसरीही झाली असे मानकांमध्ये कोठेही म्हटलेले नाही.

ओली जमीन, अनवाणी पाय आणि विजेची मोटर हे तिन्ही एकत्र येतात तेथे यंत्राची अर्थिंग खरोखर जमिनीत गेलेली आहे का हे पाहिलेच पाहिजे. त्याच्या जोडीला ३० मिलिअँपिअर गळतीला प्रवाह तोडणारे आरसीसीबी बसवावे; साधे एमसीबी जास्त भार किंवा शॉर्टसर्किट झाल्यावरच पडते, माणसाच्या अंगातून जाणाऱ्या थोड्या प्रवाहावर ते पडत नाही. जोडवायरची सांध्याची जागा पाण्यात लोळत नसावी, आणि पेट्रोल इंजिनावरचा पंप बंद शेडमध्ये चालवू नये, कारण त्याच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. मोटर बंद केल्यावरही नळीत दाब शिल्लक राहतो. नळ बंद करून, गनचा घोडा दाबून तो मोकळा केल्याशिवाय नोझल काढल्यास ते गोळीसारखे सुटू शकते.

ग्रामीण भागात आणखी एक पद्धत दिसते, ती म्हणजे फळबागेत फवारणीसाठी घेतलेल्या एचटीपी पंपानेच गाडी धुण्याची. तीन दट्ट्यांचा हा पंप साधारण २० ते ४० बार दाब देतो, म्हणजे धुलाई यंत्राहून सौम्य असूनही त्वचा भेदण्यास पुरेसा. त्याच्या टाकीत, नळीत व गनमध्ये कीटकनाशकाचा अंश उरलेला असू शकतो आणि फवाऱ्याचे तुषार धुणाऱ्याच्या नाकातोंडात जातात. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना शेतकरी व शेतमजुरांना झालेल्या विषबाधांनंतर या रसायनांना क्षुल्लक समजण्याचे कारण उरलेले नाही, म्हणून धुलाईसाठी टाकी, नळी व गन वेगळी ठेवणे हाच सोपा उपाय. ट्रॅक्टर धुतलेल्या पाण्यात तेल, ग्रीस आणि कीटकनाशकाचा अंश मिसळलेला असू शकतो. काळी जमीन भेगाळलेली असेल तर असे पाणी भेगांतून सरळ खाली उतरते, त्यामुळे धुण्याची जागा विहीर, बोअर आणि बारव यांच्या उताराच्या वरच्या बाजूला असू नये.