सर्व्हर कार्यालयात की क्लाउडवर?

कार्यालयाच्या कोपऱ्यातील सर्व्हर जुना झाला, की तो बदलावा की हिशेब, मालसाठा आणि पगारपत्रकाचे सारे काम 'क्लाउड'वर न्यावे, हा प्रश्न लघू व मध्यम उद्योजकांपुढे उभा राहतो. चर्चा बहुधा खर्चापासून सुरू होते आणि खर्चापाशीच संपते. यंत्रणा कोलमडल्यास काम किती वेळात आणि कोणाच्या जबाबदारीवर पुन्हा सुरू होणार, हा प्रश्न मात्र मागे राहतो.

स्वतःच्या सर्व्हरसाठी सुरुवातीस मोठी रक्कम मोजावी लागते. शिवाय वीज, यूपीएस, वातानुकूलन, देखभालीचा वार्षिक करार आणि जाणकार कर्मचारी यांचा खर्च असतोच. क्लाउडमध्ये दुसऱ्या कंपनीची यंत्रे भाड्याने वापरली जातात. भांडवली खर्च वाचतो. पण वापर वाढला की बिल वाढते आणि इंटरनेट गेले की काम थांबते. त्यामुळे दोन्ही पर्यायांचा किमान पाच वर्षांचा खर्च मांडूनच तुलना करावी. यंत्रांशी जोडलेले सॉफ्टवेअर कारखान्यात आणि ई-मेल व हिशेब क्लाउडवर, अशी मिश्र व्यवस्थाही सोयीची ठरू शकते.

आगीने दिलेला धडा

क्लाउड म्हणजे अखेर कोठल्या तरी इमारतीतील सर्व्हरच. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधील स्ट्रासबर्ग येथे 'ओव्हीएच' कंपनीच्या डेटा सेंटरची इमारत आगीत नष्ट झाली. ज्यांचा बॅकअप त्याच आवारात होता, अशा काही ग्राहकांचा डेटा कायमचा गेला. याउलट, मे २०२४मध्ये 'युनिसुपर' या ऑस्ट्रेलियातील निवृत्तिवेतन निधीची गूगल क्लाउडवरील यंत्रणा मांडणीतील एका चुकीमुळे हटवली गेली. सभासदांना अनेक दिवस खाते पाहता आले नाही. मात्र निधीने दुसऱ्या कंपनीकडेही बॅकअप ठेवला होता. यंत्रणा पुन्हा उभी करताना तो उपयोगी पडला.

क्लाउड कंपनी यंत्रे सांभाळते. पासवर्ड, कोणास काय पाहता येईल याचे अधिकार आणि डेटा यांची काळजी मात्र बहुतांशी ग्राहकानेच घ्यायची असते. करारावर सही करण्यापूर्वी हे कलम वाचलेले बरे.

कायद्याची चौकट

इलेक्ट्रॉनिक स्वरूपात हिशेब ठेवणाऱ्या कंपन्यांनी त्यांचा बॅकअप भारतातील सर्व्हरवर दररोज घ्यावा, असे कंपनी नियमांत ऑगस्ट २०२२मध्ये स्पष्ट करण्यात आले. हिशेबाची पुस्तके आठ वर्षे जपणेही कंपनी कायद्याने बंधनकारक आहे. त्यामुळे करार संपल्यावर आपला डेटा कोणत्या स्वरूपात आणि किती दिवसांत परत मिळेल, हे आधीच लिहून घ्यावे.

घाई नको

स्थलांतराआधी वापरातील सर्व सॉफ्टवेअर, त्यांचे परवाने आणि परस्परांतील जोडण्या यांची यादी करावी. प्रत्येकापुढे दोन उत्तरे लिहावीत : हे काम किती तास बंद राहिलेले चालेल आणि किती तासांच्या नोंदी पुन्हा भराव्या लागल्या तर निभावेल? बिलिंग आणि रजेच्या नोंदी यांची उत्तरे सारखी नसतात. बॅकअप किती वेळा घ्यायचा आणि त्यावर किती खर्च करायचा, हे या उत्तरांवरून ठरते.

मार्चअखेर किंवा जीएसटी विवरणपत्र भरण्याच्या दिवसांत बदल टाळावा. जुनी व नवी यंत्रणा किमान एक महिना समांतर चालवून तेरीज, मालसाठा आणि ग्राहकांकडील येणे यांचा मेळ घालावा. तो बसेपर्यंत जुना सर्व्हर मोडीत काढू नये.

काम क्लाउडवर असो वा कार्यालयात, दर तीन महिन्यांनी बॅकअपमधून डेटा प्रत्यक्ष परत आणून पाहावा. बॅकअप घेतला जातो, पण उघडत नाही, हे संकटाच्या दिवशी कळले तर उशीर झालेला असतो. या चाचणीची जबाबदारी नेमकी कोणाची, हे आजच ठरवलेले चांगले.